तालुक्याच्या गावचा नाटककार

दक्षिणेला लोणारजवळच्या बीबीपासून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदपर्यंत बुलढाणा जिल्हा पसरला आहे. या जिल्ह्याची ओळख सांगताना लोणारचे सरोवर आणि सिंदखेडराजा यांची नावे ओघानेच येतात. याच जिल्ह्यात वकिली करणाऱ्या एका गृहस्थाने मराठी रंगभूमीवर पंधरा-वीस वर्षे अधिराज्य गाजवले, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे ते गृहस्थ.

त्यांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूर येथे झाला. कायद्याची पदवी हाती पडण्याआधीच, १८९६मध्ये, किर्लोस्कर नाटक मंडळीने त्यांचे 'वीरतनय' रंगमंचावर आणले. कीर्तनी आणि कर्नाटकी वळणाच्या पदांना सरावलेल्या प्रेक्षकांना त्यात पारशी रंगभूमीच्या धर्तीच्या नव्या चाली ऐकू आल्या आणि त्या आवडल्या. पुढे 'मूकनायक', 'गुप्तमंजूष', 'मतिविकार', 'प्रेमशोधन' अशी नाटके आली. मद्यपान, स्त्रीशिक्षण, पुनर्विवाह हे विषय त्यांनी कल्पनारम्य कथानकांत गुंफले. ही कथानके आज कृत्रिम वाटतात आणि संवादांतील कोट्या दमवतात, हे मान्य केले पाहिजे. त्या काळी मात्र त्यांचे अनुकरण करण्याची अहमहमिका लागली होती.

विनोदी लेखनाचे तसे नाही. 'सुदाम्याचे पोहे'मधील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट रूढी आणि भोंदूपणा यांची टर उडवत निघाले आणि मराठीत विनोद हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून उभा राहिला. या मालिकेतील 'साक्षीदार' हा लेख तर वकिलाच्याच लेखणीतून उतरावा असा आहे. कोर्टाच्या ओसरीवर जे दिसले, ते वाया गेले नाही.

नाटककंपन्यांचे बिऱ्हाड पुण्या-मुंबईच्या बाजूला, नाटककार खामगाव आणि जळगाव जामोदला. कापसाच्या व्यापारासाठी खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा १८७०मध्येच आला होता, जळगाव जामोदला तोही नव्हता. दूर राहणाऱ्या नाटककाराला आणि त्याच्या मंडळींना जोडणारा धागा म्हणजे टपाल. कोणते पद कोणत्या नटासाठी बदलले, कोणता प्रवेश कापला, हे छापील पुस्तक सांगत नाही. ते पत्रांत आणि खाडाखोड केलेल्या हस्तलिखितांत सापडते. वकिलाच्या घरचे जुने कागद बहुधा दाव्यांचे समजून रद्दीत जातात. अशा एखाद्या गठ्ठ्यात नाटकाचा एखादा अंकही गेला नसेल, असे कोणी सांगावे?

त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी या बाबतीत भाग्यवान ठरले. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गडकरी गेले, तेव्हा 'राजसंन्यास' अपुरे होते. त्यांचे विखुरलेले लेखन आचार्य अत्रे यांनी पुढे 'अप्रकाशित गडकरी'मध्ये एकत्र केले. गुरूने 'मूकनायक'मध्ये हाताळलेला मद्यपानाचा विषय शिष्याने 'एकच प्याला'त टोकाला नेला, आणि शिष्याच्या पश्चात रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाचा बोलबाला पाहण्यासाठी गुरू हयात होते. वि. स. खांडेकर हेही कोल्हटकरांनाच गुरू मानत.

कोल्हटकरांचा व्यासंग साहित्यापुरता नव्हता. १९१३मध्ये त्यांनी 'भारतीय ज्योतिर्गणित' लिहिले. १९२७मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. महाराष्ट्राचे गुणगान करणारे त्यांचे गीत शाळाशाळांतून गायले गेले, पण गाणाऱ्या मुलांना कवीचे नाव ठाऊक असेच असे नाही.

त्यांचा लेखसंग्रह १९३२मध्ये निघाला. १ जून १९३४ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढल्याच वर्षी त्यांचे 'आत्मवृत्त' वाचकांच्या हाती पडले.