अल-बेरुनी : पाण्याच्या थेंबाचाही हिशेब ठेवणारा आलिम

अबू रैहान अल-बेरुनी यांचे नाव आपल्याकडे ‘किताबुल हिंद’मुळे माहीत आहे. पण आमच्या मते शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यांची आणखी एक ओळख करून द्यायला हवी. ती म्हणजे अचूक मोजमाप करणारा माणूस.

त्यांचा जन्म 973 साली ख्वारिझममधील काथ येथे, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानात झाला. 1017 मध्ये महमूद गझनवीने ख्वारिझम जिंकले आणि अल-बेरुनींना गझनीला नेण्यात आले. सत्ता बदलली, मुक्काम बदलला, पण अभ्यास काही सुटला नाही.

धातू आणि रत्ने यांची घनता शोधण्यासाठी त्यांनी शंकूच्या आकाराचे, अरुंद तोंडाचे भांडे तयार केले. बाजूला वाकडी नळी. भांडे पाण्याने भरायचे, तोललेला धातू आत सोडायचा आणि नळीतून बाहेर आलेले पाणी तोलायचे. धातूच्या वजनाला त्या पाण्याच्या वजनाने भागले की सापेक्ष घनता मिळते. तोंड अरुंद का? तर पाण्याची पातळी जराशी हलली तरी डोळ्यांना दिसावी म्हणून.

पाण्याबाबतही ते तितकेच काटेकोर होते. गरम आणि थंड, गोड आणि खारे पाणी वजनाला सारखे नसते, हे त्यांनी तपासले होते. पुढे 1121 मध्ये अल-खाझिनी यांनी आपल्या तराजूवरील ग्रंथात अल-बेरुनींचे आकडे जपले. ही मोजणी कुठल्या गावी, कुठल्या नदीच्या पाण्याने आणि कुठल्या ऋतूत झाली, हेही त्यांनी त्यात नोंदवले.

आता निकाल बघा. सोने प्रमाण धरून काढलेल्या हिशेबात त्यांच्या शिशाची घनता 11.40 येते. आजचा आकडा 11.35. फरक 0.05. त्याला 11.35 ने भागून शंभरने गुणले की शेकडा त्रुटी 0.44, म्हणजे अर्धा टक्काही नाही! कथिलाचे 7.22, आज 7.29, त्रुटी एक टक्क्याच्या आत. तेही हजार वर्षांपूर्वी, साध्या तराजूवर.

याचा व्यवहारात उपयोग होताच. खरे रत्न कोणते, काच कोणती, सोन्यात भेसळ आहे का, हे दागिना न मोडता कळू लागले. रत्नांवर त्यांनी ‘किताबुल जमाहिर’ हा स्वतंत्र ग्रंथही लिहिला. 1050 च्या सुमारास गझनीतच त्यांचे निधन झाले.

आज प्रयोगवहीत उत्तर पुस्तकाशी जुळावे म्हणून आकडा बदलण्याची सवय मुलांना लागते. मार्क जातील ही भीती असते ना! पण त्रुटी निघणे हा गुन्हा नव्हे, ती लपवणे ही खोटी तोलणी आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना एवढेच सांगावे : जे मोजले तेच लिहा, मग फरक का आला ते शोधा. नळीत पाणी अडकले का? वस्तूला हवेचा बुडबुडा चिकटला का? अल-बेरुनींचा वारसा सांगायचा, तर तो असाच चालवायला हवा.