दहा दिवसांचं देणं : साने गुरुजी



दिंडीला शंभर वर्षं झाली, पुस्तक निघणार, त्यात तुम्हीही कुणा थोरामोठ्याचं चरित्र लिहा, असं मंडळींनी आम्हाला सांगितलं. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. दिवसा औताच्या मागं आणि रात्री टाळकऱ्यांच्या पुढं, यातच उमर साठीच्या पुढं गेली. लिहिण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्या.

संतांची चरित्रं आपण बारा महिने ऐकतो. आम्ही एका मास्तराचं चरित्र लिहितो. ते म्हणजे साने गुरुजी. चौथीत असताना आमच्या मास्तरांनी शनिवारी शनिवारी श्यामची आई वाचून दाखवली, तेव्हा सगळा वर्ग रडला होता. त्या पुस्तकापलीकडं गुरुजींनी काय केलं, ते पुष्कळांना ठाऊक नाही. गुरुजी आपल्या सातारा-सांगलीचे नव्हेत. पण आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांत त्यांचं दहा दिवसांचं देणं आहे, आणि ते फिटलं नाही असं आम्हाला वाटतं.

त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव साने. बघा, नावातच देव. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणात दापोलीजवळ पालगडला. घराणं खोताचं, पण वैभव गेलेलं, डोक्यावर कर्ज. आई यशोदा. ब्राह्मणाचं घर, सोवळंओवळं कडक. तरी गावकुसाबाहेरच्या एका म्हातारीला लाकडाची मोळी उचलवेना, तेव्हा याच आईनं पोराला हात लावायला धाडलं. पुढं पोरानं जे केलं त्याचं बी इथं पडलं.

शिकायला घरी पैसा नव्हता. म्हणून हे पोर कोकणातून आपल्या मुलखात आलं, यमाईच्या औंधला. तेव्हा औंध पंतप्रतिनिधींचं संस्थान, गरिबाच्या पोराला तिथं शिकायची सोय होती. हातानं स्वयंपाक करायचा, कधी अर्धपोटी निजायचं, असं ते शिकलं. पुढं प्लेग आला आणि औंध सोडावं लागलं. मग पुण्याला नूतन मराठी विद्यालय, १९१८ साली मॅट्रिक. त्याआधीच, १९१७ साली, आई गेली. शेवटची भेटही झाली नाही. ते दुःख जन्मभर उराशी राहिलं.

एम. ए. होऊन १९२४ साली गुरुजी खानदेशात अमळनेरला प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. अमळनेर म्हणजे सखाराम महाराजांचं गाव, तिथूनही पंढरीला वारी येते. मुलांच्या वसतिगृहाचं काम गुरुजींकडं होतं. पोरं शाळेत गेली की हा मास्तर त्यांच्या खोल्या झाडायचा, अंथरुणं घडी करून ठेवायचा, मळके कपडे धुवायचा. रागवायचं नाही, मारायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरं लाजून आपली आपण खोली झाडायची. कीर्तनकार तासभर ओरडून जे शिकवत नाही, ते एका केरसुणीनं शिकवलं.

सहा वर्षं अशी गेली. १९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती अठरा प्रवचनं गुरुजींनी भराभर लिहून घेतली, म्हणून आज आपल्या हातात गीताप्रवचनं आहेत. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी श्यामची आई लिहिली.

बाहेर आल्यावर मास्तरकी परत धरली नाही. सगळा खानदेश हीच शाळा झाली. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेडेगावात भरलेलं ते पहिलंच. त्यासाठी गुरुजी गावोगाव पायी फिरले. पीक बुडालं तर शेतसारा माफ व्हावा म्हणून शेतकऱ्यांपुढं उभे राहिले, गिरणीतल्या कामगारांसाठी भांडले, अमळनेरहून काँग्रेस नावाचं साप्ताहिक काढलं. १९४२ साली, इकडं आपल्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांची माणसं रानावनात हिंडत होती, तेव्हा गुरुजीही भूमिगत झाले. पुढं पकडले गेले, १९४५ साली सुटले. एवढं सगळं करून ते कधी आमदार झाले नाहीत की मंत्री झाले नाहीत. गर्दी मागं असायची, पण खुर्ची मागितली नाही.

आता मुख्य गोष्ट. स्वराज्य दाराशी आलं होतं, आणि पंढरीच्या देवळाचं दार मात्र अर्ध्या लेकरांना बंद होतं. चोखोबांची समाधी महाद्वारापुढं आहे. आपण सगळे आधी तिथं डोकं टेकवतो. पण चोखोबांच्या जातभाईंना तिथूनच मागं फिरावं लागायचं. सहाशे वर्षं आपण टाळ वाजवत त्यांच्या शेजारून आत गेलो आणि बाहेर आलो.

१९४६ च्या अखेरीला गुरुजींनी ठरवलं, पंढरपूरचं दार उघडत नाही तोवर अन्न घ्यायचं नाही. सेनापती बापटांनी अडवलं. आधी लोकांना समजावू, मग उपास करा, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींनी ऐकलं. १९४७ च्या सुरुवातीचे चार महिने त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला. संगं सेवादलाची तरणी पोरं, गाणी आणि पोवाडे. दिवसात चार-चार सभा. गावोगाव पाणवठे मोकळे झाले, देवळं उघडली.

पंढरपुराची कडी मात्र निघाली नाही. मग १ मे १९४७ ला गुरुजी उपासाला बसले. गावात त्यांना जागा द्यायला कुणी धजत नव्हतं. तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. माळकरी माणसानं दिला, हे आपल्याला भूषण आहे. वैशाखाचं ऊन, अंग आधीच वाळलेलं. गांधीजींना कुणी चुकीचं कळवलं, त्यांची उपास सोडण्याबद्दल तार आली. ज्याला गुरू मानायचं त्याचीच नाराजी, तरी हा माणूस नम्रपणे बसून राहिला. दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बोलणी झाली. १० मे ला देवळाच्या मंडळींनी दार उघडायचं कबूल केलं आणि उपास सुटला. तीन महिन्यांनी स्वराज्य आलं. आम्हाला विचाराल तर आधी देव सुटला, मग देश सुटला.

आता आपल्या दिंडीचं खरं सांगतो. आमचा आजा या दिंडीत होता. त्यानं आम्हाला सांगितलं, की दार उघडल्याचं ऐकून दिंडीत दोन तट पडले. काही म्हणाले, बरं झालं. काही म्हणाले, देव बाटला. आजा दुसऱ्या तटात होता. पुढं काही वर्षं तो पंढरपुरास जायचा, चंद्रभागेत अंघोळ करायचा, कळसाला हात जोडायचा आणि विठ्ठलाला न भेटताच गावाकडं फिरायचा. एका वर्षी पायरीशी बसला असताना एक बाई लेकरू कडेवर घेऊन आतून रडत बाहेर आली. पहिल्यांदा देव बघितलेला. आजा उठला आणि दर्शनबारीत उभा राहिला. देव बाटला नव्हता, आम्हीच तेवढी वर्षं उपाशी राहिलो, असं तो मरेस्तोवर म्हणायचा.

गुरुजींना पुढं फार दिवस मिळाले नाहीत. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. मारणारा ब्राह्मण, म्हणून आपल्या सातारा-सांगलीकडं किती वाडे जळाले, ते म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. गुरुजींनी कुणाला बोल लावला नाही. २१ दिवस उपास केला. आपल्या माणसाच्या हातून पाप झालं, ते आपल्या देहानं फेडायचं. त्याच साली १५ ऑगस्टला साधना साप्ताहिक सुरू केलं. पण मन फार दुखावलेलं होतं. ११ जून १९५० ला त्यांनी आपण होऊन देह ठेवला. वय पन्नास. एवढ्या कोवळ्या माणसाला जगणं जड व्हावं, याचं वाईट वाटतं.

आजाचं सांगितलं, आता आमचं सांगतो. आम्ही पंचविशीत होतो. गावात सप्ताह बसला होता आणि विण्याच्या पहाऱ्याची यादी लिहायचं काम आमच्याकडं होतं. खालच्या आळीचे एक म्हातारे वारकरी होते, तीस वाऱ्या पायी केलेल्या. एका रात्रीचा पहारा मला द्या, एवढंच त्यांनी मागितलं. दोन-चार जणांनी नाकं मुरडली. आम्ही कुणाशी भांडलो नाही. यादीत त्यांचं नाव लिहिलं नाही, झालं. म्हातारा काही बोलला नाही. सातही रात्री खांबाला टेकून टाळ्या वाजवत बसला. आता तो नाही. आम्ही चोखोबांचं आख्यान लावतो, बायाबापड्या डोळे पुसतात, आणि आम्हाला ती यादी दिसते. पंढरीचं दार गुरुजींनी उघडलं, पण आमच्या सप्ताहाची कडी आमच्या हातात होती. ती आम्ही काढली नाही.

म्हणून मंडळींना हात जोडून एक मागणं. शंभराव्या वारीत विण्याच्या पहाऱ्याची यादी होईल, ती कुणाच्या घराण्यावरून करू नका. ज्याच्या वाऱ्या जास्त त्याचं नाव वर. आणि पंगत एकच, तिच्यात जागा धरून ठेवायची नाही. आमचं नाव खाली गेलं तरी चालेल. एवढं झालं तर गुरुजींच्या दहा दिवसांतला एक दिवस तरी आपण फेडला असं म्हणता येईल.

रामकृष्णहरी.