शार्लट मेसन : ऐकलेले सांगू देणाऱ्या शिक्षिका

वेल्समधील बँगर येथे १८४२ साली जन्मलेल्या शार्लट मेसन किशोरवयातच पोरक्या झाल्या. उपजीविकेसाठी त्यांनी शिक्षिकेचा पेशा पत्करला. पुढे शिक्षिका घडविणाऱ्या महाविद्यालयातही शिकविले. ब्रॅडफर्ड येथील त्यांची व्याख्याने १८८६ मध्ये ‘होम एज्युकेशन’ या नावाने ग्रंथरूपात आली आणि आजन्म अविवाहित राहिलेल्या या बाई असंख्य मातांच्या मार्गदर्शक झाल्या.

त्या काळी इंग्लंडातील सुखवस्तू घरांत मुलांचे शिक्षण बहुधा आई वा घरी ठेवलेली शिक्षिका करीत असे. अशा घरांसाठी बाईंनी १८९१ मध्ये टपालाने चालणारी शाळा काढली. सत्रारंभी अभ्यासक्रम व पुस्तकांची यादी घरपोच येई, सत्राअखेरीस प्रश्नपत्रिका.

या शाळेचा कणा होता कथन. चांगल्या पुस्तकातील उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने तो स्वतःच्या शब्दांत सांगायचा. सांगताना त्याला टोकायचे नाही, सुचवायचेही नाही. पुन्हा वाचून दाखवतील हे ठाऊक असले की मन सैलावते, म्हणून एकदाच. सहा वर्षांच्या आतील बालकावर सक्ती नसे. दहाव्या वर्षाच्या सुमारास कथन कागदावर उतरू लागे आणि किशोरवयात तेच निबंधाचे रूप घेई. परीक्षेत लहानगी उत्तरे बोलत नि मोठी माणसे ती जशीच्या तशी लिहून घेत. प्रश्न विचारणारा निवडीचे व मांडणीचे काम स्वतःच उरकतो, मुलाच्या वाट्याला केवळ उरलेसुरले येते, असे बाईंचे मत होते. फळ्यावरची प्रश्नोत्तरे उतरवून घेण्यात ज्यांचे बालपण सरले, त्या आपल्या पिढ्यांना ते पटावे. परप्रांतात घरची मराठी जपणाऱ्या पालकांनाही हा प्रयोग करून पाहता येईल. त्याला हवी फक्त पुस्तक नि ऐकून घेण्याची सवड.

परंतु पुस्तकांनी भरलेल्या घरांपुरतेच हे ठीक, हा आक्षेप गंभीर होता. त्याची कसोटी १९१४ मध्ये यॉर्कशरमधील ड्रिग्लिंग्टन या खाणकामगारांच्या गावी लागली. तेथील सरकारी शाळेत तीच पुस्तके, तेच कथन सुरू झाले. ज्यांच्या घरी पुस्तके दुर्मीळ, ती मुलेही भरभरून सांगू व लिहू लागली. पाठोपाठ इतर सरकारी शाळांनीही ही पद्धत स्वीकारली. बाईंना ते पाहता आले. १६ जानेवारी १९२३ रोजी अँबलसाइड येथे त्यांचे निधन झाले.