मायकेल फॅरडे यांच्यावरील आळ

उन्हाळ्यात इंदूरच्या आपल्या उपासनामंदिरांतील पंखे फिरू लागले, की मायकेल फॅरडे यांची आठवण होते. विजेच्या बळाने वस्तू सतत फिरती ठेवण्याचा शोध त्यांचा. पण याच शोधापायी त्यांच्यावर चोरीचा आळ आला होता.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. शिक्षण जेमतेम. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधणीला आलेली पुस्तके वाचून ते शिकले. १८१३ साली सर हंफ्री डेव्ही यांनी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून घेतले. १८२१ च्या जुलैत त्यांनी सँडेमनियन नावाच्या लहानशा मंडळीत आपला विश्वास कबूल केला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये डॉ. वोलस्टन यांनी डेव्हींबरोबर, वीज वाहणारी तार स्वतःभोवती फिरविण्याचा प्रयत्न केला. तो फसला. त्यासंबंधीचे बोलणे फॅरडे यांच्या कानी पडले होते. सप्टेंबरात त्यांनी वेगळ्या मांडणीने तार लोहचुंबकाभोवती फिरविली आणि घाईने लेख छापला. त्यात वोलस्टन यांचे नाव नव्हते. झाले! लोक म्हणू लागले, कल्पना चोरली.

शोध फॅरडे यांचाच होता, पण नाव राहून गेले ही चूकही त्यांचीच. ते गप्प बसले नाहीत, की भांडलेही नाहीत. त्यांनी सरळ वोलस्टन यांनाच पत्र लिहून भेट मागितली. वोलस्टन यांचे मन निवळले. पुढे ते प्रयोग पाहावयासही आले. डेव्ही मात्र निवळले नाहीत. १८२४ साली रॉयल सोसायटीच्या निवडीत त्यांनी विरोध केला, तरी फॅरडे निवडून आले. डेव्हींचे उपकार मात्र ते कधी विसरले नाहीत.

१८३१ साली त्यांनी चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण केली. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीही स्वतंत्रपणे तेथवर पोहोचले होते. फॅरडे यांनी आधी प्रसिद्ध केले, म्हणून मान त्यांना मिळाला. तरी १८३७ मध्ये लंडनला दोघे स्नेहाने भेटले. आज विद्युतशास्त्रातील दोन एकके या दोघांच्या नावांनी ओळखली जातात.

पुढे फॅरडे आपल्या मंडळीचे वडील झाले. त्याच रॉयल सोसायटीने अध्यक्षपद देऊ केले, ते त्यांनी नम्रपणे नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, मत्तयाचा ५ वा अध्याय शिकविताना ही गोष्ट मुलांना सांगा. भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल, तर चारचौघांत बोलण्याआधी त्याच्याच दारी जावे.