खर्डेघाशीला कंटाळलेल्या हॉपरबाई

आपल्या वाङ्मय मंडळाच्या अंकात चरित्र म्हटलं की बहुतेक वेळा एखाद्या लेखकाचं, संताचं किंवा समाजसुधारकाचं असतं. मी बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून यंदा एका कम्प्युटरवाल्या बाईंचं चरित्र लिहायला घेतलं. त्यांचं निम्मं आयुष्य भाषेच्याच प्रश्नात गेलं, तेव्हा या अंकात त्या परक्या वाटू नयेत. नाव ग्रेस हॉपर. त्या मूळच्या गणिताच्या शिक्षिका, म्हणून मी त्यांना सरळ हॉपरबाई म्हणणार आहे.

लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. शेवटच्या वर्षाला आलं की आमच्या वर्गात एकच चर्चा चालू असते. कुठली लँग्वेज शिकायची, कुठल्या टूलला मागणी आहे, कशात पॅकेज जास्त. प्रश्न खोटा नाही. घरच्यांनी फी भरलेली असते, नोकरी तर लागायलाच हवी. पण आवडणारं काम आणि हातातलं अवजार यांचा काही संबंध असतो का, हे कुणी विचारत नाही. हॉपरबाईंनी ही निवड आयुष्यात चार-पाच वेळा केली आणि बऱ्याचदा लोकांना वेडेपणा वाटेल अशी केली.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कला झाला. सात वर्षांच्या असताना सुट्टीतल्या घरात प्रत्येक खोलीत एक गजराचं घड्याळ होतं. आत काय चालतं ते बघायला त्यांनी एक उघडलं. ते परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. अशी सातही घड्याळं उघडून झाल्यावर आईला पत्ता लागला. आईने घड्याळं उघडायला बंदी केली नाही, फक्त यापुढे एकाच घड्याळाशी खेळायचं असं ठरवून दिलं. वडिलांचे दोन्ही पाय आजारपणात कापावे लागले होते. आपल्या मुलींनी मुलाइतकंच शिकून स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं त्यांना वाटायचं. शंभर वर्षांपूर्वी असा बाप मिळणं तिकडेही सोपं नव्हतं.

१९२८ मध्ये व्हॅसार कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठातून एम.ए. आणि १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएच.डी. मधल्या काळात लग्न झालं आणि १९३१ पासून व्हॅसारमध्येच शिकवायला लागल्या. त्यांची शिकवायची एक पद्धत मला फार आवडली. गणिताच्या वर्गात त्या मुलींना निबंध लिहायला लावत आणि त्यात भाषेच्या चुकाही काढत. मुली कुरकुरायच्या की हा गणिताचा तास आहे, भाषेचा नाही. बाईंचं म्हणणं असं की गणित आलं पण दुसऱ्याला समजावून सांगता आलं नाही, तर त्या गणिताचा उपयोग नाही. पुढची सगळी गोष्ट मला तरी या निबंधांतून निघालेली दिसते.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. बाईंचे पणजोबा नौदलात अधिकारी होते. बाईंनाही नौदलात जायचं होतं, पण वय जास्त, वजन नियमापेक्षा १५ पौंड कमी, शिवाय गणितज्ञांची गरज कॉलेजात जास्त. या सगळ्यातून सूट मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या राखीव नौदलात शिरल्या. सदतिसाव्या वर्षी प्राध्यापकी सोडून विशी-पंचविशीतल्या मुलींबरोबर कवायत करायची! त्या तुकडीत त्या पहिल्या आल्या.

१९४४ च्या जुलैत त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठवलं. तिथे हॉवर्ड आयकेन यांचं मार्क वन नावाचं यंत्र होतं. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन सुमारे ५ टन. सेकंदाला तीन बेरजा करायचं, म्हणजे आजच्या साध्या कॅल्क्युलेटरनेही हसावं असं. पण त्या काळी ते आश्चर्य होतं. आयकेननी पहिल्याच दिवशी एक गणित हातात ठेवलं आणि पुढच्या गुरुवारपर्यंत करून द्यायला सांगितलं. प्रोग्रामिंगचं पुस्तक नाही, कोर्स नाही. पुस्तक पुढे बाईंनीच लिहिलं. मार्क वनचं मॅन्युअल १९४६ मध्ये निघालं, पाचशेच्या वर पानांचं.

एक किस्सा इथेच उरकते, कारण तो सगळीकडे चुकीचा सांगितला जातो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू या पुढच्या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला आणि कुणीतरी तो नोंदवहीत चिकटवला. तो हॉपरबाईंनी पकडलेला नव्हता, त्या फक्त हा किस्सा रंगवून सांगायच्या. आणि यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे.

युद्ध संपलं. व्हॅसारने त्यांना पूर्ण प्राध्यापकपद देऊ केलं. कायमची नोकरी, ओळखीचं कॉलेज, मान. बाईंनी नाही म्हटलं आणि हार्वर्डमध्ये करारावर राहिल्या. १९४५ मध्ये घटस्फोट झाला होता. १९४९ मध्ये हार्वर्डचा करार संपला आणि पुढे तिथे जागा नव्हती. तेव्हा फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली या नव्या कंपनीत गेल्या. कंपनीजवळ पैसा जेमतेम, पण युनिव्हॅक नावाचं यंत्र बनत होतं. चरित्रांत त्यांचं यश भराभर येतं, पण ही वर्षं त्यांना जड गेली. दारूचं व्यसन इतकं वाढलं होतं की १९४९ मध्ये पोलिसांनी एकदा ताब्यात घेतलं. मित्रांनी कानउघाडणी केली, आधार दिला, आणि त्या त्यातून वर आल्या.

आता खर्डेघाशीकडे येते. त्या काळी प्रोग्राम म्हणजे नुसते आकडे आणि सांकेतिक अक्षरं. वर्गमूळ काढायचं, साइन काढायचा, असे तुकडे पुन्हा पुन्हा लागायचे. हार्वर्डमध्ये बाई आणि त्यांचे सहकारी असे तुकडे वह्यांत लिहून ठेवत. नवीन प्रोग्राम करताना एकमेकांच्या वह्या मागून घ्यायच्या आणि उतरवायचं. उतरवताना प्रत्येक तुकडा मेमरीत कुठे बसणार त्याप्रमाणे सगळे पत्ते बेरजा करून बदलायचे. परीक्षेआधी दुसऱ्याची जर्नल उतरवून काढलेल्यांना वेगळं सांगायला नको. एक अक्षर चुकलं की सगळं गेलं. बाईंच्या लक्षात आलं की माणसं उतरवण्यात कच्ची आणि बेरजेतही कच्ची. आणि आपल्यासमोर जे यंत्र आहे ते नेमकं या दोन्हींत पक्कं! मग हे काम यंत्रालाच का देऊ नये?

म्हणून त्यांनी प्रत्येक तुकड्याला एक नंबर दिला आणि सगळे तुकडे टेपवर भरले. प्रोग्रामरने फक्त नंबर लिहायचे. यंत्र टेपवरून तुकडे शोधणार, पत्ते जुळवणार आणि आख्खा प्रोग्राम लावून देणार. याला त्यांनी नाव दिलं कम्पायलर. पहिल्याचं नाव ए-झीरो, १९५१-५२ मधला. आज आम्ही ज्याला कम्पायलर म्हणतो त्याच्या मानाने तो बाळबोध होता, पण सुरुवात तिथे झाली.

त्यात एक अडचण आली. प्रोग्रामला पुढच्या एखाद्या जागी उडी मारायची असते, पण ती जागा अजून ठरलेलीच नसते. बाईंना कॉलेजातलं बास्केटबॉल आठवलं. मुलींच्या नियमांत फार पळता येत नसे, म्हणून चेंडू मधल्या खेळाडूकडे द्यायचा, आपण पुढे जायचं आणि परत घ्यायचा. तसंच त्यांनी मेमरीच्या टोकाला एक कोपरा राखून ठेवला. उडी आधी तिथे जाणार, आणि खरी जागा ठरली की तिचा पत्ता त्या कोपऱ्यात लिहिला जाणार. गणितात डॉक्टरेट असूनही उपाय सुचला तो मैदानावरून.

लोकांनी मात्र विश्वास ठेवला नाही. कम्प्युटर आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहू शकत नाही, असं त्यांना तोंडावर सांगितलं गेलं. विरोध करणाऱ्यांत प्रोग्रामरही होते. यंत्राने लावलेला प्रोग्राम आपल्याइतका नेटका नसणार, ही एक तक्रार. दुसरी कुणी उघड बोलत नव्हतं. हे कठीण काम चार लोकांनाच जमत होतं आणि त्यात त्यांचा मान होता. बाईंचाही होता! त्या तर त्या चौघांतल्या पहिल्या. ज्या विद्येमुळे आपली किंमत आहे तीच सगळ्यांना सोपी करून द्यायची, याला मन मोठं लागतं.

आणि इथेच बाईंचा निकष मला दिसतो. हे अवजार मला किती जमतं, यापेक्षा आणखी किती जणांना यामुळे काम करता येईल, ते त्या बघत. गणितवाल्यांना चिन्हं चालतात. पण पगारपत्रक, मालाचा साठा, विम्याचे हप्ते सांभाळणाऱ्या माणसांना चिन्हांची धास्ती वाटते, त्यांना शब्द बरे वाटतात. म्हणून १९५५ च्या सुमारास त्यांनी इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहायची भाषा मांडली. ती पुढे फ्लो-मॅटिक झाली. साहेब लोकांना दाखवताना त्यांनी तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. यंत्राच्या दृष्टीने शब्द म्हणजे खुणा, कुठल्याही भाषेतल्या असोत. पण साहेब हादरले. फिलाडेल्फियात बनलेलं अमेरिकन यंत्र फ्रेंच आणि जर्मन कसं समजेल! आम्ही फक्त इंग्रजीतच करू, अशी समजूत घालत बाईंना मग बरेच दिवस काढावे लागले.

हा प्रसंग वाचून मी बराच वेळ हसले. घरी मराठी, बसवर कन्नड, वर्गात इंग्रजी असं रोज जगणाऱ्या आम्हा बेळगावकरांना त्या साहेबांची भीती चांगलीच ओळखीची आहे. भाषेवरून माणसं अडून बसतात, यंत्र बसत नाही. मराठी शब्दांत प्रोग्राम लिहिता येईल का, याचं उत्तर हॉपरबाईंनी सत्तर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय.

मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये सरकार, कंपन्या आणि वापरणारे यांची बैठक झाली. सगळ्या यंत्रांवर चालेल अशी व्यवहाराची एकच भाषा हवी, असं ठरलं. ती कोबोल. बाईंना कोबोलची आई म्हणतात, पण ते पूर्ण खरं नाही. भाषा समितीने बनवली आणि त्यात जीन सॅमेट यांच्यासारख्यांचं मोठं काम आहे. बाई सल्लागार होत्या, आणि पायाला मुख्यतः त्यांची फ्लो-मॅटिक होती. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालून दाखवला गेला.

कोबोलला शिव्याही भरपूर पडल्या. डायक्स्ट्रांसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये तिच्यावर जबरदस्त टीका केली. भाषा पाल्हाळिक आहे हे खरंच आहे. जागा वाचवायला त्या काळी वर्षाचे दोनच आकडे लिहीत, त्याचा भुर्दंड २००० साल जवळ आल्यावर पडला. ते निस्तरण्याचं बरंच काम आपल्या देशातल्या कंपन्यांना मिळालं आणि कितीतरी भारतीय तरुणांची पहिली नोकरी कोबोलवर झाली. बँका आणि सरकारी खात्यांच्या जुन्या यंत्रणांत ती आजही चालू आहे.

१९६६ अखेर नौदलाने बाईंना साठी झाली म्हणून निवृत्त केलं. १९६७ च्या ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, कारण प्रत्येक कंपनीची कोबोल वेगळी होऊन बसली होती. ती एका वळणावर आणायची आणि कम्पायलर तपासायचे प्रोग्राम करायचे. ते सहा महिने जवळजवळ १९ वर्षं चालले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या. त्यानंतरही त्या डिजिटल कंपनीत सल्लागार झाल्याच!

या शेवटच्या काळात त्या गावोगाव भाषणं देत हिंडत. जवळ सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारांचा जुडगा असे. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढीच पुढे जाते, हे सांगून त्या मुलांना एकेक तार वाटून टाकत. ऑफिसातलं त्यांचं घड्याळ उलटं फिरायचं. आजवर असंच चालत आलंय हे कारण त्यांना चालत नसे, आणि उलटं घड्याळही वेळ बरोबर दाखवतं हे पाहुण्यांना आपोआप कळे.

१ जानेवारी १९९२ रोजी, ८५ व्या वर्षी, त्या गेल्या. ए-झीरो आज कुणी वापरत नाही, फ्लो-मॅटिकचं नावही आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी ऐकलेलं नाही. आम्ही आज जे टूल घोकतोय तेही कधीतरी असंच जाईल. बाईंना याचं दुःख नसावं. मोठं काम कोणतं म्हणून विचारलं, तर त्या कम्पायलरच्याही वर नाव घ्यायच्या ते आपल्या हाताखाली तयार झालेल्या तरुण मुलामुलींचं.

— एक विद्यार्थिनी, बी.सी.ए. तृतीय वर्ष