जिवाणूंचा शत्रू शोधणारे फेलिक्स देरेल

परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेला १९२५ साली वाल्डेमार हाफकिन यांचे नाव देण्यात आले. त्यानंतर वर्षभरातच, १९२६ साली, ब्रिटिश सरकारच्या निमंत्रणावरून एक फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ या संस्थेत दाखल झाले. त्यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. विज्ञानाचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतलेले नव्हते. तरीही युरोपातील वैद्यकीय वर्तुळात त्या काळी ज्यांच्या कार्यावर सर्वाधिक वाद झडत होते, त्यांपैकी ते एक होते. जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंचे, म्हणजेच बॅक्टेरिओफेजचे संशोधक फेलिक्स देरेल यांची ही जीवनकहाणी.

देरेल यांचा जन्म २५ एप्रिल १८७३ रोजी पॅरिस येथे झाला. आपण कॅनडातील माँट्रियलचे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले आणि चरित्रकारांनीही ते दीर्घकाळ खरे मानले. शतकाच्या अखेरीस ते कॅनडात गेले. तेथे भावासह काढलेला चॉकलेटचा कारखाना बुडाला. सूक्ष्मजीवशास्त्र ते घरीच ग्रंथ वाचून शिकले. १९०१ साली ग्वाटेमाला शहरातील रुग्णालयात त्यांना जिवाणूतज्ज्ञ म्हणून नोकरी मिळाली. केळी आंबवून त्यापासून मद्य तयार करण्याचे कामही त्यांनी तेथे केले. १९०७ साली मेक्सिकोच्या युकातान प्रांतात त्यांनी घायपाताच्या टाकाऊ चोथ्यापासून अल्कोहोल काढण्याची पद्धत बसवली व त्यासाठीची यंत्रे पॅरिसमध्ये तयार करून घेतली. सूक्ष्मजीवांना कामाला लावून त्यांच्याकडून उपयुक्त उत्पादन घेणे, हाच त्यांच्या पुढील साऱ्या जीवनाचा धागा ठरला. त्या काळी जैवतंत्रज्ञान हा शब्द प्रचारात यायचा होता.

युकातानमध्येच टोळधाडीत मरून पडलेल्या टोळांच्या शरीरात त्यांना एक जिवाणू आढळला. तो वाढवून पिकांवर फवारल्यास टोळांमध्ये साथ पसरेल, हा त्यांचा तर्क होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने त्यांना आश्रय दिला आणि अर्जेंटिना, अल्जीरिया व ट्युनिशिया या देशांत त्यांनी टोळांविरुद्ध मोहिमा चालवल्या. या कामात एक लहानशी गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. जिवाणूंच्या एकसारख्या दाट थरात कधीकधी गोल, स्वच्छ ठिपके दिसत. ज्या गोठलेल्या माध्यमावर हा थर वाढवला जातो, ते अगर सागरी शेवाळापासून मिळते. आपल्या स्वयंपाकघरातील चायना ग्रास ते हेच.

या ठिपक्यांचे रहस्य उलगडले ते पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत. १९१५ साली पॅरिसजवळ मेझाँ-लाफित येथे घोडदळाच्या तुकडीत रक्ती हगवणीची साथ पसरली. देरेल यांनी रुग्णांची विष्ठा चिनी मातीच्या गाळणीतून गाळली. या गाळणीतून जिवाणू पार होत नाहीत. तो गाळ त्यांनी हगवणीच्या जिवाणूंनी गढूळ झालेल्या रसात मिसळला. दुसऱ्या दिवशी रस नितळ झालेला होता. जिवाणू विरघळून गेले होते. या नितळ रसाचा थेंब जिवाणूंच्या ताज्या रसात टाकल्यास तोही नितळ होई, आणि कितीही वेळा हे केले तरी प्रभाव ओसरत नसे. हे एखादे रसायन असते तर प्रत्येक वेळी सौम्य होत नाहीसे झाले असते. ज्याअर्थी ते वाढते, त्याअर्थी ते सजीव असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जिवाणूंना खाणारा, या अर्थाने त्यांनी त्याला बॅक्टेरिओफेज हे नाव दिले. १० सप्टेंबर १९१७ रोजी एमिल रू यांनी हे टिपण फ्रेंच विज्ञान अकादमीसमोर मांडले.

ब्रिटिश संशोधक फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी याच स्वरूपाचे निरीक्षण १९१५ सालीच प्रसिद्ध केले होते. बेल्जियमचे नोबेल विजेते ज्यूल बोर्दे यांनी १९२१ साली ते पुढे आणले आणि श्रेयाचा कडवट वाद सुरू झाला. फेज म्हणजे जिवाणूंच्याच शरीरातील एक विकर आहे, असे बोर्दे यांचे मत होते. देरेल यांचा स्वभाव मुळातच भांडखोर. त्यांनी कोणाचीही गय केली नाही आणि मित्रांपेक्षा शत्रूच अधिक जोडले.

फेजचा उपचारासाठी वापर करण्याची कल्पना मात्र निर्विवादपणे त्यांची. १९१९ साली पॅरिसच्या बालरुग्णालयात हगवणीने आजारी असलेल्या एका मुलाला फेज पाजण्यापूर्वी ते त्यांनी स्वतः प्राशन केले. मुंबईकरांना यावरून हाफकिन यांची आठवण व्हावी. प्लेगची लस त्यांनीही १८९७ साली प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. पुढे १९२५ च्या जुलैमध्ये देरेल अलेक्झांड्रियात असताना सुएझ कालव्यातील एका जहाजावर प्लेगचे ४ रुग्ण सापडले. देरेल यांनी त्यांच्या गाठींत फेज टोचले. चौघेही वाचले.

या वृत्ताने भारतातील ब्रिटिश प्रशासनाचे लक्ष वेधले. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात शिरलेल्या प्लेगने पश्चिम भारतात लाखो बळी घेतले होते. पुण्यात प्लेग निवारणाच्या नावाखाली झालेल्या जुलमाच्या आणि रँडच्या वधाच्या आठवणीही बुजलेल्या नव्हत्या. परळला देरेल यांना निमंत्रण मिळाले ते या पार्श्वभूमीवर. प्लेगवरील फेजचे प्रयोग पुढेही चालले, परंतु सुएझचा चमत्कार पुन्हा घडला नाही.

पटकीच्या बाबतीत चित्र वेगळे दिसले. पटकीच्या जिवाणूंना मारणारे काहीतरी गंगा-यमुनेच्या पाण्यात असून पाणी उकळल्यावर तो गुण नष्ट होतो, असे अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ सालीच नोंदवले होते. १९२७ साली देरेल यांनी रेजिनाल्ड मॅलोन व एम. एन. लाहिरी यांच्यासह पंजाबात पटकीच्या रुग्णांना फेज पाजले आणि साथीच्या गावांतील विहिरींतही ते ओतले. त्यांच्या अहवालानुसार, उपचार न झालेल्या १० रुग्णांपैकी ६ हून अधिक दगावत होते. फेज घेतलेल्यांत हे प्रमाण १० मध्ये १ पेक्षाही कमी होते. आकडे थक्क करणारे आहेत. मात्र दोन्ही गटांतील रुग्ण आजच्या पद्धतीप्रमाणे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. त्यामुळे यातले किती श्रेय फेजचे, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

भारतातील ही फेज चौकशी १९३६ पर्यंत चालू राहिली. पाटण्यात इगोर अशेशोव्ह आणि शिलाँगच्या पाश्चर संस्थेत जॉन मॉरिसन यांनी ती पुढे नेली. आसामच्या नौगाव जिल्ह्यात पटकीवरील फेज गावोगाव वाटण्यात आले. तेथील पटकी ओसरली खरी, पण पटकीची साथ आपोआपही चढते-उतरते. निर्णायक पुरावा हाती येण्यापूर्वीच चौकशी गुंडाळण्यात आली. ज्या गावकऱ्यांनी हे औषध विश्वासाने घेतले, त्यांना त्याचा नेमका किती उपयोग झाला, हे कोडे सुटलेच नाही.

या सुमारास फेज बाजारातही आले होते. पॅरिसमध्ये देरेल यांच्या प्रयोगशाळेत विविध रोगांवरील ५ फेज औषधे तयार होत. अमेरिकेत एलाय लिली या कंपनीने अशी उत्पादने काढली. परंतु एक फेज एकाच जातीच्या जिवाणूला, बहुधा तिच्या काही वाणांनाच मारतो, याचे भान अनेक उत्पादकांनी ठेवले नाही. टिकाऊपणासाठी बाटलीत घातलेले रसायन फेजलाच निष्प्रभ करी. काहींनी तर जिवाणूंशी संबंध नसलेल्या रोगांवरही गुण येत असल्याची जाहिरात केली. १९३४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील सविस्तर परीक्षणाने फेज उपचारांबद्दल शंका व्यक्त केली. पुढे पेनिसिलिन आल्यावर पाश्चात्त्य देशांत ते मागे पडले. दोष फेजचा होता, त्याहून अधिक तो ढिसाळ उत्पादनाचा होता, असे म्हणावे लागते.

देरेल १९२८ साली अमेरिकेच्या येल विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथेही त्यांचे पटले नाही. १९३३ साली ते जॉर्जियातील तिबिलिसी येथे आपले सहकारी जॉर्जी एलियावा यांच्या संस्थेत गेले. १९३५ चा आपला ग्रंथ त्यांनी स्टॅलिन यांना अर्पण केला. दोनच वर्षांनी, १९३७ साली, स्टॅलिनच्या राजवटीने एलियावा यांना गोळ्या घातल्या. तोपर्यंत देरेल पॅरिसला परतलेले होते व पुन्हा ते जॉर्जियात गेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांना स्थानबद्धतेत राहावे लागले. २२ फेब्रुवारी १९४९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही.

फेज हा विषाणूच आहे, हे १९४० साली बर्लिनमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. देरेल यांना ते पाहायला मिळाले. उद्योगात फेजचा शिरकाव मात्र त्यांना अपेक्षित नसलेल्या वाटांनी झाला. चीजच्या कारखान्यांत तो शत्रू ठरला, कारण विरजणातील जिवाणू तो फस्त करतो. जनुक अभियांत्रिकीत डीएनएचे तुकडे सांधण्यासाठी वापरले जाणारे विकर टी-४ या फेजपासून मिळते. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ साली फेजच्या कवचावर हवी ती प्रथिने बसवण्याची पद्धत दाखवली. याच मार्गाने संधिवातावरील अॅडालिमुमॅब हे औषध तयार झाले आणि २०१८ साली स्मिथ यांना ग्रेगरी विंटर यांच्यासह नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मांसाच्या तयार खाद्यपदार्थांवरील लिस्टेरिया जिवाणू मारण्यासाठी फेजच्या फवारणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली परवानगी दिली.

तिबिलिसीची संस्था आज एलियावा यांच्याच नावाने ओळखली जाते. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतुसंसर्गावर तेथे फेज उपचार केले जातात आणि त्यासाठी भारतातूनही रुग्ण गेलेले आहेत.