घरातला कारखाना

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी 30 एप्रिल 1870 रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखू लागला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे आणि बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे धडे घेतले. नंतर ते छपाईच्या धंद्यात शिरले. त्यात नाव मिळाले. पण भागीदारांशी मतभेद होऊन तो धंदा सुटला. त्या वेळी त्यांनी चाळिशी गाठली होती, पदरी संसार होता आणि मिळकत मात्र थांबली होती.

अशा दिवसांत, 1911 साली, त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर चालते-बोलते दिसले पाहिजेत, या विचाराने त्यांना घेरले. त्यांनी एक लहानसे चित्रयंत्र व काही रिळे मिळवली. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगावर पाडून ते भिंतीवर चित्रे हालवीत बसत. झोप जेमतेम तीन तास! परिणाम व्हायचा तोच झाला; त्यांची दृष्टी अधू झाली. काही काळ तर पुढचे सारे अंधारमय दिसू लागले. सुदैवाने उपचारांनी डोळे सुधारले. दुसऱ्या कोणी हा नाद सोडला असता. फाळक्यांनी आपला विमा गहाण टाकून कर्ज काढले आणि 1912 च्या फेब्रुवारीत विलायत गाठली. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेतील काम त्यांनी डोळ्यांखालून घातले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला.

मे महिन्यात यंत्रसामग्री मुंबईस आली. जुनी मोटार स्वस्तात घेऊन ती अंगणात दुरुस्त करणारे हौशी गृहस्थ तुम्ही पाहिले असतील. अडले तर त्यांना शेजारच्या कारागिराला हाक मारता येते. फाळक्यांच्या हाती मात्र सोबत आलेला आराखडा तेवढा होता. तो पाहून अवघ्या चार दिवसांत त्यांनी यंत्र उभे केले.

यंत्र जुळले, तरी काम संपले नव्हते. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके नसत. ती घरीच पाडावी लागत. यंत्रातील दाते या भोकांत अडकून फिल्म पुढे ओढतात. भोक किंचित चुकले, की पडद्यावरचे चित्र थरथरते. शिवाय उजेड लागताच फिल्म वाया जाते. म्हणून हे नाजूक काम अंधारात, बोटांच्या अंदाजाने करायचे. ते केले फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी. दिवसभर घरकाम करून रात्री त्या फिल्मला भोके पाडीत, रसायने कालवीत. या माउलीचे नाव फाळक्यांच्या बरोबरीने घेतले जात नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

पण भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज त्याचे एकेक चित्र टिपले. ती चित्रे सलग फिरवताच वेल दोन मिनिटांच्या आत वाढताना दिसली. ते पाहून कर्ज देणारा भेटला.

मग दादरच्या राहत्या बंगल्यातच चित्रीकरण सुरू झाले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. तेव्हा साळुंके नावाच्या आचाऱ्याने ती भूमिका केली. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, आणि उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्याही राहत. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो.

त्याच वर्षी फाळक्यांनी आपला संसार आणि कारखाना दोन्ही नाशकास हलवले. 1914 साली ते आपले तीन चित्रपट घेऊन लंडनला गेले. तेथेच राहून चित्रपट काढावेत, अशी मागणी त्यांना आली. घरचा कारखाना मागे वाट पाहत होता. ती मागणी नाकारून ते परतले. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथेच त्यांचे निधन झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे.